साडेअकराचा सौदा

दहापर्यंत पेटी गुमान असते.
उदगीरच्या मोंढ्यात, आडतीच्या माडीवर,
बारदानाच्या थप्पीला पाठ लावून एकटी.
पान तीच दाखवते, भाव तीच लिहून ठेवते,
मागचे नऊ वर्षांचे भावही तिच्याच पोटात.
मी तिच्यावर चहाचा पेला ठेवते. कोमट राहतो.

साडेअकराला सौदा सुटतो.
खाली तुरीचा ढीग, ढिगाभोवती खरेदीदार,
आणि देवणीपासून जळकोटपर्यंत
मोबाईल धरून बसलेली माणसं
एकाच मिनिटाला विचारतात:
तूर काय निघाली?

लोड चार. नऊ. एकवीस.
मेमरी सरली की ती डिस्ककडं उसनं मागते,
डिस्कचा दिवा मिटायचं विसरतो,
पडद्यावर नुसतं गोल गोल.
जिन्यातून निरंजनशेठ:
"बाई, काय करलालाव वर? कालचाच भाव दिसलालाय!"
मी बटण दाबते. ती मरते, उठते.
तेवढ्यात ढीग विकला जातो.

हे असं दोन हंगाम.
एकदा खिडकीतून बघत होते:
गफूरभाई मापाडी काट्यावर वाकलेले,
आकडा पुकारतात आणि पुढच्या पोत्याला हात घालतात.
दहा पावलांवर मन्मथप्पा मुनीम,
मान वर न करता लिहून घेतात.
मन्मथप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला गेले होते
त्या आठवड्यात गफूरभाईंनीच तोललं, गफूरभाईंनीच लिहिलं.
चूक एक नाही झाली.
पण टेम्पोंची रांग रेल्वे फाटकापर्यंत,
आणि पेन शोधताना हात दर वेळी तुरीच्या धुळीनं पांढरा.

शेठना म्हटलं, दुसरी मशीन घेऊ. डेटाबेस वेगळा काढू.
"वेगळा" म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला.
भाऊ वेगळे निघाले तेव्हा
डाळमिलच्या मधोमध भिंत आली होती,
चाळणी एकीकडं, मोटार दुसरीकडं.
"एकाच घरात भागंना का तुमचं?"
नाही भागत, म्हटलं. एकाच ताटावर दोघं तुटून पडतात,
आणि दोघंही उपाशी राहतात.

नांदेडहून जुनी मशीन आणली, एस्टीत, मांडीवर.
कंडक्टरनं दोनदा बघितलं, तिकीट मागितलं नाही.
रात्री मोंढा झोपला तेव्हा नऊ वर्षं हलवली,
ओळी मोजल्या, परत मोजल्या,
दोघींच्या मध्ये दोन हात निळी तार घातली.

आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला
सगळं आधीपेक्षा हळू.

मी कपाळाला हात लावून लॉग वाचत बसले.
एका पानासाठी चाळीस प्रश्न!
तुरीचा भाव दे. आता हरभऱ्याचा दे.
आता सोयाबीनचा. आता परत तुरीचा, विसरले.
एका छपराखाली होत्या तोवर
या बडबडीचं कुणाला ओझं नव्हतं,
कूस बदलली की कानाशी कान.
आता दर प्रश्नाला तार ओलांडून जायचं,
उत्तर घेऊन यायचं.

माझा भाऊ हैदराबादला गेला तेव्हा
पहिले काही महिने मी त्याला दिवसातून दहादा फोन करायचे,
मीठ किती टाकू इथपर्यंत.
मग रविवारी एकच. वहीत लिहून ठेवलेलं सगळं एकदम.
जास्त बोलतो आता आम्ही. कमी वेळा.

तीन रात्री लागल्या.
चाळीसाचे तीन प्रश्न केले,
जे रोज तेच विचारतात त्याचं उत्तर
दाराशीच बांधून ठेवलं.

परवा साडेअकराला लोड दोन.
कुणाच्या काही लक्षात आलं नाही.
शेठ वर आले, पंख्याखाली उभे राहिले,
"मशीन बंदबिंद आहे का? आवाज येईना," म्हणाले,
आणि विजेच्या बिलाचं बोलून खाली गेले.

गफूरभाईंचा आकडा खिडकीतून आला.
मन्मथप्पांनी तो ऐकला असणार.

बारदानात उंदीर फार झालेत.
आज दोनशे रुपयांचा पाइप आणून
निळी तार त्यात ओवली.